दुभाष्याची वही



गोव्यातील शाळांतून इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना संगणकासाठी आज्ञावली कशी लिहावी, हे शिकविण्याची सरकारी योजना २०२१ साली सुरू झाली. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील लहानमोठ्या गावांच्या शाळाही तिच्या कक्षेत आल्या. पडद्यावरील चित्रमय ठोकळे एकापुढे एक जोडून या विद्येचा श्रीगणेशा करणारी मुले यथाकाल पायथॉन नावाच्या भाषेपाशी येऊन पोचतात. आणि ती तेथे पोचली न पोचली तोच, कोणा थोरल्या भावाच्या तोंडून किंवा मोबाइलवरील एखाद्या चित्रफितीतून त्यांच्या कानांवर एक वाक्य पडते : "पायथॉन ही मंद भाषा आहे, जावास्क्रिप्ट तिच्यापेक्षा कितीतरी पटींनी वेगवान!"

हे ऐकून मूल खट्टू होते आणि शिक्षक विचारात पडतात. ज्या शाळेत यंत्रे जुनी आहेत, एकेका यंत्रापाशी दोन-तीन मुले बसतात आणि तास चाळीस मिनिटांत संपतो, तेथे भाषाही मंद निघाली तर करावे तरी काय? पुस्तक बदलावे, की मुलांना नव्या भाषेचा धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवायला लावावा? प्रश्न वरवर पाहता तांत्रिक आहे. परंतु एका ऐकीव वाक्यापायी मुलांचे वर्ष फुकट घालवायचे की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून आज त्याचाच थोडा तपशिलात विचार करू.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. ज्याला आपण भाषेचा वेग म्हणतो, तो बव्हंशी भाषेचा नसतो. ती भाषा यंत्राला समजावून सांगणारा जो मध्यस्थ असतो, त्याचा तो वेग असतो. भाषेची घडण या मध्यस्थाचे काम सोपे किंवा अवघड करते, हे खरे. परंतु भाषा तीच राहून मध्यस्थ बदलला, तर वेग बदलतो. हे एकदा ध्यानात आले की पुढचा गुंता आपोआप सुटू लागतो.

मध्यस्थ म्हणजे काय, हे गोमंतकीय माणसाला समजावण्यासाठी परमुलखातील उदाहरण शोधावयास नको. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले व 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखले जाऊ लागले. या मुलखातील कागदपत्र मराठी, तेही बहुधा मोडी लिपीतले. आणि राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज. रयतेचा अर्ज असो की शेजारच्या दरबाराचे पत्र असो, दोहोंच्या मध्ये दुभाषी उभा राही. सरकारी दुभाष्याला पोर्तुगीज दप्तरात 'लिंग्वा' म्हणत. म्हणजे जीभ, आणि भाषाही. पोर्तुगिजांच्या राजकारणात वावरलेल्या हिंदी मध्यस्थांवर डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज भाषेत लिहिलेला ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला. तो वाचला म्हणजे या दुभाष्यांवर राज्यकारभार किती अवलंबून होता, याची कल्पना येते. 'दुभाषी' हे आडनाव तर आजही आपल्यात आहे.

दुभाष्याची पद्धत अशी, की समोरचा एक वाक्य बोलतो, दुभाषी त्याचा अर्थ सांगतो. मग दुसरे वाक्य, मग त्याचा अर्थ. तयारी काहीच लागत नाही. माणूस दारात आला की काम सुरू. परंतु तेच वाक्य दहा वेळा आले, तर दुभाष्यालाही ते दहा वेळा समजावे लागते.

याच नव्या काबिजादींच्या इतिहासात दुसऱ्या प्रकारच्या मध्यस्थीचेही उदाहरण सापडते. येथील रहिवाशांच्या रूढी आणि रिवाज यांची संहिता १८५३ साली मंजूर झाली, आणि १८६१ साली ती पोर्तुगीज व मराठी अशा दोन्ही भाषांत नव्या गोव्यास, म्हणजे पणजीस, छापून निघाली. येथे भाषांतर आगाऊ, निवांतपणे, एकदाच झाले. ते व्हायला वेळ लागला असेल. परंतु एकदा ग्रंथ हाती आल्यावर प्रत्येक वेळी दुभाष्याला पाचारण करण्याचे कारण उरले नाही. पान उघडावे आणि वाचावे.

संगणकाच्या जगात या दोन पद्धतींना अनुक्रमे इंटरप्रिटर आणि कंपायलर अशी नावे आहेत. आपण त्यांना दुभाषी आणि भाषांतरकार म्हणू. संगणकाच्या अंतर्यामी असलेला प्रोसेसर फक्त आपली यंत्रभाषा जाणतो. ती शून्य आणि एक या अंकांच्या माळांनी बनलेली असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली रुजू झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्याची स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची होती. त्याच्याशी बोलायचे तर या अंकांच्या भाषेतच बोलावे लागे. माणसाने यंत्राची भाषा शिकण्याचा तो काळ होता. तिकडे अमेरिकेत १९५७ साली आयबीएम कंपनीतील जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी फोर्ट्रान भाषेचा कंपायलर तयार केला होता. गणिती सूत्रासारखी दिसणारी वाक्ये माणसाने लिहावी आणि कंपायलरने त्यांचे संपूर्ण भाषांतर यंत्रभाषेत करून द्यावे, अशी ती सोय होती.

दुभाषी पद्धतीचे कार्यक्रमही लवकरच रूढ झाले, आणि नवशिक्यांना तेच अधिक मानवले. कारण उघड आहे. मुलाने एक ओळ लिहिली, कळ दाबली, उत्तर आले. चूक झाली तर त्याच क्षणी कळली. भाषांतर पुरे होईपर्यंत ताटकळत बसणे नाही. पायथॉन ही १९९१ साली प्रकट झालेली भाषा याच पद्धतीने लोकप्रिय झाली. गिदो फान रॉसम या डच गृहस्थांनी ती निर्माण केली.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. आजचे दुभाषी मूळ मजकूर अक्षरशः पुनःपुन्हा वाचत बसत नाहीत. मोडी कागद समोर आला, तर शहाणा कारकून काय करील? तो प्रथम त्याची बाळबोध नक्कल काढील. म्हणजे दर वेळी मोडीची वळणे लावीत बसावे लागणार नाही. त्याचप्रमाणे पायथॉनचा दुभाषी तुमचा प्रोग्रॅम आधी 'बाइटकोड' नावाच्या आटोपशीर मधल्या भाषेत उतरवून घेतो आणि मग त्या नकलेवरून एकेक आज्ञा पार पाडतो. वाचण्याचे श्रम वाचतात; अर्थ लावण्याचे मात्र उरतात.

हे उरलेले श्रम कोणते? 'अ आणि ब यांची बेरीज कर' अशी आज्ञा घ्या. पायथॉनमध्ये अ म्हणजे पूर्णांक असेल, अपूर्णांक असेल, किंवा अक्षरांची माळही असेल. भाषेने तशी मोकळीक दिली आहे. म्हणून दुभाष्याला प्रत्येक खेपेस विचारावे लागते : अ कोण आहे? ब कोण आहे? या दोघांची बेरीज म्हणजे काय? ही चौकशी संपल्यावर खरी बेरीज होते, आणि ती बेरीज प्रोसेसरच्या दृष्टीने एका पावलाची असते. एका पावलासाठी कितीतरी पावलांची विचारपूस! साध्या अंकगणिताची आवर्तने असतील, तर आगाऊ भाषांतरित प्रोग्रॅमपेक्षा पायथॉनचा रूढ दुभाषी दहापट, क्वचित शंभरपटही मागे पडतो तो यामुळे.

आता या दोन पद्धतींच्या मध्ये तिसरी वाट आहे, आणि आजच्या विषयाचा गाभा तोच आहे.

अशी कल्पना करा, की एक चतुर दुभाषी आपल्याजवळ एक वही ठेवतो. नवा अर्ज आला की तो नेहमीप्रमाणे वाक्यावाक्याने अर्थ सांगतो. परंतु कोणता मजकूर किती वेळा आला याची खूण करीत जातो. एखादा मजकूर वारंवार येऊ लागला, की एके दिवशी तो बसून त्याचे उत्तम भाषांतर वहीत लिहून ठेवतो. पुढे तो मजकूर आला, की वही उघडून वाचावयाचे. जो मजकूर एकदाच येऊन गेला, त्याच्यासाठी शाई खर्च करावयाची नाही. संगणकशास्त्रात याला 'जस्ट-इन-टाइम कंपायलर' म्हणतात. आपण त्याला ऐनवेळचा भाषांतरकार म्हणू.

या युक्तीचा हिशेब अंकांनी मांडून पाहू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. एक अर्ज तोंडी समजावण्यास दहा मिनिटे लागतात; त्याचे भाषांतर वहीत लिहिण्यास नव्वद मिनिटे; आणि वहीतून वाचून दाखविण्यास एक मिनिट. अर्ज दोनदाच आला, तर तोंडी काम वीस मिनिटांत आटोपते, परंतु आधी भाषांतर लिहिणाऱ्याची ब्याण्णव मिनिटे जातात. अर्ज दहा वेळा आला, तर दोन्हींकडे शंभर मिनिटे, बरोबरी झाली. आणि शंभर वेळा आला, तर तोंडी पद्धतीने एक हजार मिनिटे, लेखी पद्धतीने एकशे नव्वद.

वही बाळगणारा दुभाषी पहिल्या पाच खेपा तोंडी करतो आणि मग भाषांतर लिहितो, असे धरा. शंभर अर्जांना त्याची पन्नास, नव्वद आणि पंचाण्णव मिळून दोनशे पस्तीस मिनिटे लागतील. सर्वोत्तम हिशेबापेक्षा पंचेचाळीस मिनिटे जास्त. परंतु अर्ज दोनदाच आला असता, तर त्याचे काम वीस मिनिटांतच झाले असते. कोणता अर्ज किती वेळा येणार, हे आगाऊ ठाऊक नसताना याहून शहाणपणाची रीत कोणती असणार? या युक्तीचे सारे सामर्थ्य, आणि तिची सारी मर्यादाही, या साध्या हिशेबात आहे.

कल्पना आजकालची नाही. लिस्प भाषेचे जनक जॉन मॅकार्थी यांच्या १९६० सालच्या निबंधात प्रोग्रॅम चालू असतानाच भाषांतर करण्याचा उल्लेख आढळतो. १९६८ साली केन टॉम्प्सन यांनी मजकुरातील नमुने शोधण्यासाठी ऐनवेळी यंत्रभाषा तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८४ साली पीटर डॉइच व ॲलन शिफमन यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी तिचा विस्तार केला. पुढे सेल्फ नावाच्या भाषेवर झालेल्या संशोधनातून तिला आजचे रूप आले. १९९५ साली जाहीर झालेली जावा भाषा आरंभी संथ म्हणून हिणविली गेली होती. १९९९ साली तिला 'हॉटस्पॉट' हा ऐनवेळचा भाषांतरकार लाभला, आणि लोकांचे बोलणे हळूहळू थांबले.

आपल्या मुलांना जिचे उदाहरण दिले जाते, त्या जावास्क्रिप्टची कथा याहून बोधप्रद आहे. हीही १९९५ सालचीच. संकेतस्थळाच्या पानावर किरकोळ हालचाल घडविण्यासाठी ती जन्मली आणि कित्येक वर्षे दुभाष्याच्याच आधारे चालली. त्या काळी तिला कोणी वेगवान म्हटले नव्हते. २००८ सालच्या सप्टेंबरात गूगलचा क्रोम ब्राउझर व्ही-एट नावाच्या यंत्रणेसह बाहेर पडला. इतर ब्राउझरांच्या कर्त्यांनीही त्याच सुमारास अशाच यंत्रणा आणल्या. आणि काही वर्षांतच तीच जावास्क्रिप्ट शीघ्रगती म्हणून गाजू लागली. भाषेचे व्याकरण त्यासाठी बदलावे लागले नाही. मध्यस्थ बदलला.

आता या मध्यस्थाची एक खास करामत पाहू. वहीतले भाषांतर नुसते शब्दशः नसते. ते अनुभवावरून बेतलेले असते. आजवर आलेल्या प्रत्येक अर्जात भाताचे माप कुडवातच होते, असे दुभाष्याने पाहिले, तर तो कुडव गृहीत धरूनच भाषांतर लिहितो आणि वर एक टीप ठेवतो : 'माप कुडवात आहे ना, एवढे आधी पाहावे.' एखाद्या दिवशी खंडीचा अर्ज आला, की ते पान बाजूला ठेवून पुन्हा वाक्यावाक्याने समजावणे भाग पडते. ऐनवेळचा भाषांतरकार नेमके हेच करतो. अ आणि ब दर खेपेस पूर्णांकच येत आहेत, असे दिसले, की तो केवळ पूर्णांकांच्या बेरजेची यंत्राज्ञा लिहितो आणि तिच्या दाराशी एक पहारेकरी बसवितो. पूर्णांक आला तर आत सोडावे. अक्षरांची माळ आली तर दुभाष्याकडे परत पाठवावे. म्हणून ज्या प्रोग्रॅममध्ये एकच नाव कधी अंकासाठी, कधी मजकुरासाठी वापरलेले असते, त्यात वहीची पाने पुनःपुन्हा रद्द होतात आणि वेग घसरतो. नावाचा एकच अर्थ ठेवावा, ही शिक्षकांची जुनी शिकवण यंत्रालाही मानवते ती अशी.

दोन मध्यस्थांची तुलना स्वच्छपणे पाहावयाची असेल, तर लुआ भाषेकडे जावे. जुन्या पिढीत पोर्तुगीज शिकलेल्यांना या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. लुआ म्हणजे चंद्र. ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली ही भाषा तयार झाली. तिचा मूळ दुभाषी आकाराने अगदी लहान व कोणत्याही यंत्रावर सुखाने नांदणारा. माइक पॉल यांनी २००५ साली त्याच भाषेसाठी 'लुआजिट' नावाचा ऐनवेळचा भाषांतरकार प्रसिद्ध केला. प्रोग्रॅम तोच, अक्षर अन् अक्षर तेच. परंतु आकडेमोडीच्या लांबलचक आवर्तनांत लुआजिट मूळ दुभाष्याला कित्येक पटींनी मागे टाकतो. मात्र नाण्याला दुसरी बाजूही आहे. मूळ लुआ वाढत गेली, २०२० साली तिची ५.४ ही आवृत्ती निघाली. लुआजिट मुख्यतः ५.१ या जुन्या आवृत्तीलाच धरून राहिला. ऐनवेळचा भाषांतरकार घडविणे व भाषेबरोबर वाढविणे हे फार कष्टाचे, थोड्याच लोकांना साधणारे काम आहे.

पायथॉनमध्येही हाच प्रकार आहे. रूढ दुभाष्याखेरीज 'पायपाय' नावाचा ऐनवेळचा भाषांतरकार तिच्यासाठी उपलब्ध असून त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००७ साली निघाली. तो विनामूल्य मिळतो. दीर्घकाळ चालणाऱ्या शुद्ध पायथॉन प्रोग्रॅमांत तो सरासरीने कित्येक पट वेग देतो. इकडे रूढ दुभाषीही स्वस्थ बसलेला नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.११ आवृत्तीने यंत्रभाषेत काही न लिहिता, केवळ वारंवार येणाऱ्या आज्ञांना त्यांच्या सवयीप्रमाणे वळण देऊन, सरासरी सव्वापट वेग मिळविला. २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत ऐनवेळचा भाषांतरकारही प्रयोगादाखल आला. मात्र तो मुद्दाम चालू केल्यावाचून कामास लागत नाही.

मग श्रोते विचारतील, वही एवढी गुणकारी आहे, तर सर्वांनी नेहमी तीच का वापरू नये?

पहिले कारण आपण हिशेबातच पाहिले. काम छोटे असेल, तर वही लिहिण्याचा वेळ वसूल होत नाही. विद्यार्थ्यांचे बहुतेक प्रोग्रॅम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपणारे असतात. तेथे ऐनवेळचा भाषांतरकार काही प्रसंगी उशीरच करतो. दुसरे कारण स्मृतीचे. मूळ नक्कल, वही, आणि वही लिहिणारा लेखनिक, अशा तिघांना एकाच वेळी जागा द्यावी लागते. व्ही-एट यंत्रणा आरंभी दुभाष्याला मुळीच थारा देत नसे. सर्वच मजकुराचे थेट भाषांतर करी. परंतु स्वस्त मोबाइल फोनांची स्मृती त्या भाषांतरांनी भरून जाऊ लागली, तेव्हा २०१७ साली तिच्या कर्त्यांनी पुन्हा दुभाषी नेमला आणि नेहमी लागणाऱ्या मजकुरापुरतीच वही ठेवली. वेगासाठी सर्वांत नावाजलेल्या यंत्रणेलाही दुभाष्यावाचून चालले नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तिसरे कारण सुरक्षिततेचे. चालू असलेल्या प्रोग्रॅमला नवी यंत्राज्ञा लिहून लगेच चालविण्याची मुभा देणे, म्हणजे घराची एक किल्ली बाहेर ठेवणे. लबाड माणसे तिचा माग काढतात. यास्तव आयफोनवर सर्वसाधारण ॲपना अशी मुभा मिळत नाही. आणि २०२२ साली त्या फोनवर आलेल्या 'लॉकडाउन मोड' या कडक बंदोबस्तात जावास्क्रिप्टचा ऐनवेळचा भाषांतरकारही बंद ठेवला जातो. तेथे दुभाषीच कामाला येतो. थोडा मंद, परंतु भरवशाचा.

एवढे पाहिल्यावर आपल्या शाळेकडे वळू. समजा, डिचोली तालुक्यातील एखाद्या शाळेतील मुलीने एक प्रोग्रॅम लिहिला. दहा हजार नावांच्या दोन याद्या आहेत. दोन्हींत आलेली नावे शोधावयाची आहेत. तिने सरळ मार्ग धरला : पहिल्या यादीतील प्रत्येक नाव दुसऱ्या यादीतील प्रत्येक नावाशी ताडून पाहिले. दहा हजार गुणिले दहा हजार म्हणजे दहा कोटी वेळा ताडणे आले. जुन्या यंत्रावर पायथॉनचा दुभाषी त्यात दहा-वीस सेकंद गुंतून पडला, तर नवल नाही. मुलगी म्हणेल, भाषा मंद आहे. हाच प्रोग्रॅम ऐनवेळच्या भाषांतरकाराकडे दिला, तर तो बराच लवकर उरकेल आणि तिचा समज पक्का होईल.

परंतु शिक्षकांनी तिला दुसरी रीत दाखविली, असे समजा. दुसऱ्या यादीतील नावे आधी पायथॉनच्या 'सेट' या रचनेत घालावयाची. ती प्रत्येक नावाची जागा त्या नावावरूनच ठरविते, म्हणून ते आहे की नाही हे जवळजवळ एका पावलात सांगते. आता दहा हजार नावे घालणे आणि दहा हजार नावे पाहणे, मिळून वीस हजार कामे. तोच जुना दुभाषी, तेच जुने यंत्र; आणि उत्तर क्षणार्धात. उद्या याद्या एकेक लाखाच्या झाल्या, तर पहिल्या रीतीने एक हजार कोटी वेळा ताडावे लागेल, आणि मग उत्तमातला उत्तम भाषांतरकारही घाम पुसत बसेल. दुसऱ्या रीतीला दोन लाख कामे पुरतील. मध्यस्थ बदलून जे मिळते त्याला ठरावीक पटींची मर्यादा असते. रीत बदलून जे मिळते ते कामाबरोबर वाढत जाते.

आणखी दोन प्रसंग सांगतो, जेथे मध्यस्थाला दोष देणे व्यर्थ आहे. एक, जेव्हा प्रोग्रॅम दूरच्या यंत्राकडून माहिती येण्याची वाट पाहात असतो. जोडणी कच्ची असेल, तर दुभाषी आणि भाषांतरकार दोघेही सारखेच जांभया देत बसतात. दुसरा, जेव्हा पायथॉन केवळ मुकादमाचे काम करीत असते. नम्पायसारख्या ग्रंथसंग्रहांत लक्षावधी आकड्यांची बेरीज-गुणाकार आगाऊ भाषांतरित भागांकडून होते. पायथॉन फक्त 'हे करा' म्हणून सांगते. शास्त्रज्ञ मोठमोठी गणिते या तथाकथित मंद भाषेतून करतात, त्याचे रहस्य हेच.

वेग मोजण्याविषयीही सावधगिरी हवी. ऐनवेळच्या भाषांतरकाराच्या पहिल्या खेपा मंद असतात. वही भरेपर्यंत त्याला उसंत द्यावी लागते. पहिल्याच खेपेवरून निर्णय दिला, तर त्याच्यावर अन्याय होतो. आणि पहिल्या खेपा मोजणीतून गाळल्या, तर वापरणाऱ्यावर, कारण त्याचे काम कदाचित एकाच खेपेचे असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसून आले, की काही प्रोग्रॅम कितीही वेळ चालविले तरी त्यांचा वेग स्थिरच होत नाही, आणि काही उलट मंदावतात. सबब 'अमुक पटींनी वेगवान' हे वाक्य ऐकले, की तीन प्रश्न विचारावे : कोणते काम? कोणता मध्यस्थ? आणि किती वेळ चालविल्यावर?

शिक्षकांना माझे सांगणे एवढेच आहे, की पुस्तक बदलू नका. त्याऐवजी हाच वाद एका तासाचा प्रयोग करून टाका. एक ते शंभरपर्यंतच्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज करणारा एकच लहानसा प्रोग्रॅम घ्या. तो आधी दहा वेळा, मग हजार वेळा, मग लाख वेळा आवर्तन करील, असे करा. प्रथम रूढ पायथॉनवर आणि नंतर पायपायवर. प्रत्येक वेळ मुलांना वहीत लिहू द्या. दहा आवर्तनांत कोण पुढे राहतो, लाख आवर्तनांत कोण, आणि पारडे कोठे फिरते, हे त्यांना आपल्या डोळ्यांनी दिसेल. मग शेवटच्या दहा मिनिटांत त्यांना विचारा, की हीच बेरीज सूत्राने एका ओळीत करता येईल काय? ज्या मुलाला ते सूत्र सापडेल, त्याचा प्रोग्रॅम मंद दुभाष्यावरही वर्गात सर्वांच्या आधी संपेल.

आपल्या पूर्वजांच्या व्यवहारात तोंडी दुभाषीही लागला आणि छापील संहिताही लागली. ज्याला दोहोंची वेळ ओळखता आली, त्याचे काम अडले नाही. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या शाळेत आज पहिली ओळ लिहिणाऱ्या मुलाजवळ जी भाषा आहे, ती त्याच्या कामाला पुरेशी आहे. तिच्यात तो नीट विचार करावयास शिकला, तर पुढे वही बाळगणारा दुभाषी नेमावयाचा की नाही, हे त्याचे त्यालाच ठरविता येईल.